सोपाऱ्याचं सोनं

अल्फारेटा, सोमवार, ९ फेब्रुवारी २००४

आज या घरात माझी चक्क गरज पडली. इथे अमेरिकेत येऊन दोन महिने झाले. एवढ्या काळात ज्ञानदाने मला चहाची कपबशीसुद्धा विसळू दिलेली नाही. जावईबापू, म्हणजे अवधूत, मला गाडीत बसवून देवळात नेतात, वाणसामानाच्या दुकानात नेतात आणि परत आणून सोफ्यावर ठेवतात. लेकीच्या घरी बसून बसून अंग आंबून गेलं होतं.

दुपारी सावनी शाळेतून आली ती तोंड पाडून. सहावीच्या वर्गात इतिहासाचा प्रोजेक्ट दिलाय: जुन्या काळचा राजा श्रीमंत कसा झाला? कुणाला कुठलं राज्य, ते बाईंनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. मैत्रिणीला इजिप्त मिळालं, हिच्या वाट्याला प्राचीन इस्रायल. सॉलोमन राजा. मी म्हटलं, बाई गं, तुला लॉटरी लागलीय आणि तू रडतेस काय? त्यांच्या धर्मग्रंथात लिहिलंय की या राजाची जहाजं ओफिर नावाच्या बंदराहून सोनं आणायची. आणखी काही जहाजं दर तीन वर्षांनी सोनं, हस्तिदंत, माकडं आणि मोर घेऊन यायची. मोर कुठले? आपले. आणि ओफिर म्हणजे कोण? आपलं सोपारं. तुझी आई जिथे लहानाची मोठी झाली ते.

"हे कोण म्हणतं?" सावनीने विचारलं. मी छाती काढून सांगितलं की तुझा आजोबा म्हणतो. आमच्या शाळेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका, १९७३, पान एक्केचाळीस ते बावन्न. लेखक पु. ग. पेठे, इतिहास शिक्षक. ज्ञानदा स्वयंपाकघरातून म्हणाली की त्या लेखावर बाबांचा सत्कार झाला होता, शाल-श्रीफळ देऊन. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

यांच्या शाळेची एक पद्धत आहे. प्रत्येक विधानासाठी एक छोटं कार्ड. पहिल्या ओळीत विधान, दुसऱ्या ओळीत ते कोण म्हणतं, तिसऱ्या ओळीत त्याला ते कसं कळलं. कार्ड अपुरं असेल तर विधान बाद. मी सावनीला म्हटलं, पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, ‘पेठे सरांनी सांगितलं’ एवढं पुरायचं. ती हसली नाही.

सोपाऱ्याच्या कार्डावर दुसऱ्या ओळीत तिने माझं नाव घातलं. तिसरी ओळ कोरी ठेवली. उद्या सांगतो म्हटलं.

बुधवार, १८ फेब्रुवारी

उद्याचा उद्या होऊन गेला, तिसरी ओळ कोरीच आहे. तोवर बाईंची चिठ्ठी आली. वर्गातल्या मुलीचा आजोबाच लेखक निघाला याचा त्यांना फार आनंद झालाय. गुरुवारी, ४ मार्चला, सावनीच्या प्रोजेक्टच्या वेळी मी वर्गात येऊन दहा मिनिटं बोलावं, अशी विनंती. अवधूतने लगेच स्वतःचे दोन टाय काढून दाखवले. मी निळा निवडला.

शुभा, माझी बायको, आज असती तर काय म्हणाली असती? माझ्या या लेखाबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही. स्मरणिका निघाली त्या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन ती स्वतः प्रल्हादच्या घरी गेली होती, एरवी ज्ञानदाच्या हाती पाठवायची. (प्रल्हाद चुरी, आमच्या शाळेतला चित्रकलेचा मास्तर. माझा जुना मित्र.) परत आल्यावर दोन दिवस गप्प होती. बायकांचं काही कळत नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

सावनीने माझी मुलाखत घेतली. समोर वही, कानावर पेन्सिल. सोपाऱ्याचं बंदर कुठे होतं? खाडी आता कुठवर आहे? तू तिथे काय पाहिलंस? कुणाबरोबर गेला होतास? मी मोरांवर बोललो. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "बट आजोबा, तुला कसं कळलं?" मी हस्तिदंतावर बोललो. तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खेकसलो, मोठ्या माणसांना असं खोदून विचारायचं नसतं. तिने वहीत काहीतरी लिहिलं. ती पाणी प्यायला गेल्यावर मी डोकावलो. इंग्रजीत लिहिलं होतं की आजोबांना राग आला.

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहून टाकतो. मी त्या खाडीवर कधी गेलोच नाही. लेख प्रल्हादचा आहे.

दर रविवारी तो सायकल काढून बुरूड राजाच्या कोटापासून, म्हणजे जुन्या स्तूपाच्या टेकाडापासून, खाडीच्या तोंडापर्यंत जायचा. चित्रं काढायचा, कोळ्यांशी बोलायचा, जुनी सरकारी कागदपत्रं उतरवून घ्यायचा. तीन वर्षं हे केलं आणि मग चाळीस पानं लिहून माझ्याकडे आणून दिली, मी स्मरणिकेचा संपादक होतो म्हणून. म्हणाला, पुरुषोत्तम, भाषा तेवढी सुधार. मी सुधारली. चाळीसची बारा पानं केली. हेडमास्तर म्हणाले, इतिहासाच्या लेखाखाली ड्रॉइंग मास्तरचं नाव बरं दिसणार नाही, तुम्ही तुमचंच घाला. मी नको म्हणालो नाही. प्रल्हादला सांगितलंही नाही. छापून आलेली प्रत त्याच्या हातात दिली, त्याने पानं उलटली आणि छपाई चांगली झालीय म्हणाला.

पुढे मी स्वतःला सांगत राहिलो की भाषा तर माझीच होती. त्या भाषेवर तालुकाभर व्याख्यानं दिली. एकतीस वर्षं झाली. अकरा वर्षांच्या पोरीने पेन्सिल रोखून विचारेपर्यंत मला एकदाही घाम फुटला नव्हता, याचीच आज जास्त लाज वाटतेय.

शनिवार, २८ फेब्रुवारी

सकाळी ज्ञानदा, अवधूत पोरीला पोहायला घेऊन गेले. मी फोनचं कार्ड खरवडून नंबर फिरवले आणि प्रल्हादला गाठलं. तिकडे संध्याकाळचे सात. फोन त्याच्या बायकोने, प्रतिमावहिनींनी उचलला. माझा आवाज ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "देते." त्या माझ्याशी पहिल्यापासून तुटकच वागतात, स्वभाव असतो एकेकाचा.

प्रल्हादला मात्र कोण आनंद. नात सोपाऱ्यावर प्रोजेक्ट करतेय म्हटल्यावर तो उघडलाच. खाडीचं तोंड कुठे होतं, गाळ कसा भरत गेला, सायकल कुठे चिखलात रुतली, कुठल्या विहिरीच्या काठावर कोरलेला दगड होता. मी भराभर उतरवून घेत होतो. लेखाच्या नावाचा विषय त्यानेही काढला नाही, मीही काढला नाही.

मग तो म्हणाला, "पुरुषोत्तम, एक सांगू? रागावू नकोस. ते चुकीचं आहे."

मला वाटलं आता निघालं. पण त्याला भलतंच सांगायचं होतं. सोपारं म्हणजे ओफिर नव्हे. सोपाऱ्यात जे काही सापडलंय ते अशोकाच्या काळापासूनचं. सॉलोमन त्याच्या साडेसहाशे-सातशे वर्षं आधीचा. त्याची जहाजं येत होती म्हणावी तेव्हा इथे बंदर असल्याचा एक खापराचा तुकडाही नाही. मोर कुठूनही गेले असतील. "आपण गावाच्या प्रेमात वाहवलो रे," म्हणाला. ‘आपण’ म्हणाला.

तुला हे कधी कळलं, असं मी विचारलं. ऐंशी-एक्याऐंशी साली, असं उत्तर आलं. मग लिहिलं का नाहीस? यावर तो अगदी साधेपणाने म्हणाला, "लेख तुझ्या नावावर. मी कसा खोडणार? तुझी व्याख्यानं चालू होती. लोक म्हणाले असते, चुरीच्या पोटात दुखतंय."

तेवढ्यात कार्ड संपत आल्याचं सांगणारी बाई मध्ये बोलली आणि फोन तुटला.

आता पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. सावनी ओल्या केसांनी घरात शिरली आणि तिने तिसरी ओळ मागितली. मी तिला सांगितलं की दर रविवारी मी सायकलवरून खाडीवर जायचो, कोळ्यांशी बोलायचो, चित्रं काढायचो. एकदा चिखलात चाक रुतलं होतं. तिला चिखलाचा भाग फार आवडला. चूक असल्याचं मी तिला सांगितलं नाही. तासाभरापूर्वी मित्राकडून घेतलेलं पुन्हा माझ्या नावावर केलं, आणि या वेळी सांगणारा हेडमास्तरही नव्हता.

सोमवार, १ मार्च

दिवाणखान्यात सावनीचा मोठा पुठ्ठ्याचा बोर्ड उभा आहे. मध्ये नकाशा. सोपाऱ्यापासून जेरुसलेमपर्यंत तिने जरीचा सोनेरी दोरा चिकटवलाय, ज्ञानदाच्या साडीच्या पदरातून निघालेला. भोवती इतर उत्पन्नं: व्यापारी तांड्यांवरची जकात, घोडे आणि रथ यांची खरेदी-विक्री, मांडलिकांची खंडणी. राज्याचे बारा भाग पाडले होते, प्रत्येकाने वर्षातला एक महिना राजवाड्याला जेवू घालायचं. आणि वेठबिगार. डोंगरात दगड फोडायला ऐंशी हजार, वाहायला सत्तर हजार.

जेवताना ती आईला म्हणाली, "सो बेसिकली, काम सगळं दुसऱ्यांनी केलं, अँड ही गॉट हिज नेम ऑन इट." ज्ञानदा म्हणाली, राजे असेच असतात, भाजी घे. भाजी मीच वाढून घेतली.

गुरुवारी माझी पाठ दुखणार आहे. ठरवलंय. बुधवारपासून सुरुवात केली तर संशय यायचा, म्हणून आजच हुं-हुं करायला लागलो. ज्ञानदा दिवसभर ऑफिसात राबून आली होती, तरी बसून तिने माझ्या पाठीला बाम चोळला. दुखऱ्या जागा विचारत होती आणि मी मनाला येईल तिथे बोट ठेवत होतो.

मंगळवार, २ मार्च

सांगितलं.

संध्याकाळी मी शेकाची पिशवी घेऊन पडलो होतो. सावनी येऊन म्हणाली, तू आला नाहीस तरी हरकत नाही, मी तुझ्या वतीने सांगेन. आणि उभी राहून तिने भाषण म्हणून दाखवलं. माझे आजोबा दर रविवारी सायकलवरून जायचे. त्यांना कोणी पैसे देत नव्हतं. त्यांच्या शाळेत लायब्ररीसुद्धा धड नव्हती. तरी त्यांनी शोधून काढलं. आय ॲम सो प्राउड ऑफ हिम. मध्ये एक वाक्य विसरली, तर डोळे मिटून आठवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

माझं खोटं ती तोंडपाठ करत होती. मी उठून बसलो, म्हटलं, "सावनी, सायकलवरून मी जात नव्हतो."

मग सगळं सांगितलं. प्रल्हादचं नाव, हेडमास्तर, बारा पानं, आणि शेवटी हेही की सोनं सोपाऱ्याचं नव्हतंच. ती रडली नाही. "बट मी सगळ्यांना सांगितलंय," एवढंच म्हणाली. मग बोर्डापाशी गेली आणि सोनेरी दोरा उचकटून काढला. निघता निघता नकाशाचा कागदही फाटला.

ज्ञानदा दारात उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे बाबा, जुनी गोष्ट आहे. ती म्हणाली, "रेणू चुरीला मी खोटारडी म्हटलं होतं."

रेणू ही प्रल्हादची मुलगी, ज्ञानदाची बाकावरची मैत्रीण. नववीत असताना रेणू मधल्या सुट्टीत म्हणाली होती की तो लेख माझ्या बाबांचा आहे. ज्ञानदाने सगळ्या वर्गासमोर तिच्या थोबाडीत मारली. वर्गशिक्षकांनी रेणूलाच माफी मागायला लावली, पेठे सरांच्या मुलीची. तिने मागितली. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मला आजवर यातलं काहीच माहीत नव्हतं. एवढंच आठवतं की एके वर्षापासून रेणू आमच्या घरी यायची बंद झाली, आणि मला वाटलं होतं मुली मोठ्या झाल्या.

"ती माझ्यापुढे उभी राहून सॉरी म्हणाली, बाबा. मी मान हलवली. मोठ्या मनाने माफ केल्यासारखी."

अवधूत आले तेव्हा घरात तिघं तीन खोल्यांत होतो.

बुधवार, ३ मार्च

सावनी माझ्याशी बोलली नाही. सकाळी मी स्वतःची कपबशी विसळली, कोणी अडवलं नाही.

संध्याकाळी तिने कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. सोपाऱ्याचं कार्ड वेगळं काढलेलं होतं. म्हणाली, उद्या तू येणार आहेस आणि तूच सांगणार आहेस, मी नाही. मी म्हटलं, माझं इंग्रजी मोडकं आहे. ती म्हणाली, इट्स ओके, इट्स शॉर्ट.

गुरुवार, ४ मार्च

टाय बांधला नाही. ज्ञानदाने अर्धी रजा काढून मला नेलं. गाडीत रेडिओ लावला होता. रस्त्याकडेची झाडं पांढऱ्या फुलांनी भरलीत, त्यांचा वास मात्र सुक्या मासळीसारखा येतो.

वर्गात सव्वीस मुलं. बाईंनी माझी ओळख लेखक म्हणून करून दिली. टाळ्या झाल्या. त्या संपेपर्यंत उभं राहणं जड गेलं, पण राहिलो. मग जमेल तशा इंग्रजीत म्हणालो की मी लेखक नाही. माझ्या मित्राचं काम मी घेतलं आणि त्यावर माझं नाव लावलं. त्याचं काम पुढे चुकीचं ठरलं, ते त्यानेच शोधलं, आणि माझ्यामुळे त्याला ते कुणाला सांगता आलं नाही.

पुढच्या बाकावरच्या, नाकावर ठिपके असलेल्या एका मुलीने हात वर केला. तिने विचारलं, मग तुम्हाला शून्य मिळालं का? मी म्हटलं, नाही, एक शाल आणि एक नारळ मिळाला. नारळावर सगळी मुलं खळखळून हसली. तिचं समाधान झालं नव्हतं. तिने विचारलं, का? शिक्षा का नाही झाली? एवढ्या वर्षांच्या व्याख्यानांत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, कारण त्याने कुणाकडे तक्रार केली नाही. "सो ही वॉज नाइस," ती म्हणाली आणि खाली बसली.

बाई म्हणाल्या, "थँक यू, मिस्टर पेठे." मुलांना म्हणतात त्याच सुरात. मी मागच्या एका छोट्या खुर्चीत जाऊन बसलो. गुडघे छातीला लागत होते. सावनीने आपलं उरलेलं सगळं नीट सांगितलं: जकात, घोडे, खंडणी, बारा महिने, वेठबिगार. नकाशावरची फाटलेली जागा तिने झाकली नव्हती. तिथे पोहोचल्यावर म्हणाली, इथे आम्हाला वाटलं होतं की सोनं माझ्या आईच्या गावाहून गेलं. ते गेलं नव्हतं. आणि पुढचं कार्ड वाचलं.

परत येताना ज्ञानदाने गाडीत विचारलं, पाठ कशी आहे? मी म्हटलं, दुखत नव्हती कधीच. "माहितीये," ती म्हणाली.

रविवार, ७ मार्च

सकाळी साडेआठला प्रल्हादला फोन केला. या वेळी सगळे घरात होते, मीच थांबायला सांगितलं होतं. प्रल्हादने उचलल्या उचलल्या विचारलं, झाला का प्रोजेक्ट? मी म्हटलं, झाला, तुला एक वाचून दाखवायचंय. सावनीने इंग्रजीत लिहिलेलं कार्ड मराठीत वाचलं. ओफिर म्हणजे सोपारं नव्हे. कोण म्हणतं: प्रल्हाद रामचंद्र चुरी, चित्रकला शिक्षक, सोपारं. त्यांना कसं कळलं: तीन वर्षं दर रविवारी सायकलवरून जाऊन पाहिलं, खूप वाचलं, आणि आपली चूक आपणच शोधून काढली.

त्याने विचारलं, "आडनावासकट लिहिलंय?" हो म्हटलं. "पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. मग मी माफी मागायला सुरुवात केली. कालपासून जुळवून ठेवलेली वाक्यं होती, चांगली लांबलचक. प्रल्हादने दुसऱ्याच वाक्याला मला तोडलं. म्हणाला, राहू दे रे, एवढं पुष्कळ झालं, पोरीला माझा आशीर्वाद सांग. त्याचा आवाज ओला झाला होता. खरं सांगायचं तर मला हलकं वाटायला लागलं होतं. वाटलं, सुटलो.

तेवढ्यात त्याने आत हाक मारली आणि फोन प्रतिमावहिनींकडे दिला. म्हणाला, हिलाही वाचून दाखव. मी तिसऱ्यांदा वाचलं. वर्गात काय झालं तेही सांगितलं, सव्वीस मुलांसमोर कबूल केलं म्हणून सांगितलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "तिकडे तुम्हाला कोण ओळखतं, भावजी? इथे कधी सांगताय? सोपाऱ्यात, शाळेत, आपल्या लोकांसमोर."

मी म्हटलं, जूनमध्ये परत येतोय, तेव्हा बघू. त्या म्हणाल्या, बघू नको, तारीख सांगा. ज्ञानदा माझ्यासमोर बसली होती. तिला पलीकडचं ऐकू जात नव्हतं, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. शाळेतले कोणकोण अजून हयात आहेत, माझ्या सत्काराला पहिल्या रांगेत कोण बसलं होतं, ते सगळे चेहरे मला एकेक करून दिसले. मी सांगितलं, सोमवार, चौदा जून, शाळा उघडते त्या दिवशी.

"थांबा," वहिनी म्हणाल्या, "लिहून घेते." त्या पेन शोधायला गेल्या आणि मी फोन धरून थांबलो. परत आल्यावर त्यांनी मला तारीख पुन्हा सांगायला लावली, आणि मी पुन्हा सांगितली.